कांडवेल आणि अस्थिसंधान

कांडवेल (शास्त्रीय नाव: सिसस क्वाड्रँग्युलॅरिस) ही द्राक्षकुलातील चौधारी खोडाची वेल आहे. मोडलेले हाड सांधण्यासाठी भारतीय वैद्यकपरंपरेत तिचा दीर्घकाळ वापर होत आला आहे. अस्थिभंगानंतर हाडाची दोन टोके पुन्हा एकजीव होण्याच्या क्रियेला अस्थिसंधान म्हणतात. या क्रियेत अस्थिमज्जेतील आणि हाडाच्या आवरणातील मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, महत्त्वाचे कार्य करतात. कांडवेलीचा या पेशींवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास एकविसाव्या शतकात सुरू झाला. चीनमधील पारंपरिक वैद्यकात वापरल्या जाणाऱ्या काही वनस्पतींवरही अशाच स्वरूपाचे संशोधन झाले आहे. पेशी आणि प्राणी यांच्यावरील प्रयोगांचे निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत, मात्र माणसांवरील चाचण्यांचा पुरावा मर्यादित आहे. हाड जागेवर बसवणे आणि स्थिर ठेवणे याला वनौषधी किंवा मूलपेशी हा पर्याय ठरत नाही. प्राचीन आयुर्वेदीय ग्रंथांतील उपचारांचा क्रमही हेच दर्शवतो.

नावे

संस्कृतमध्ये या वेलीला अस्थिसंहार, अस्थिशृंखला आणि वज्रवल्ली अशी नावे आहेत. अस्थिसंहार या शब्दातील ‘संहार’ याचा अर्थ येथे नाश असा नसून एकत्र आणणे असा आहे. अस्थिशृंखला हे नाव साखळीच्या कड्यांप्रमाणे दिसणाऱ्या खोडावरून आले. मराठीत कांडवेल हे नाव प्रचलित असून हाडसांधी आणि हाडजोडी ही नावेही ऐकू येतात. हिंदीत हडजोड, गुजरातीत हाडसांकळ, तमिळमध्ये पिरंडै, तेलुगूत नल्लेरु आणि कन्नडमध्ये मंगरवळ्ळि असे तिला म्हणतात. बहुतेक भाषांतील नावे तिच्या खोडाच्या आकारावरून किंवा हाड सांधण्याच्या उपयोगावरून पडली आहेत.

वर्णन

कांडवेलीचे खोड हिरवे, मांसल आणि चार कडा असलेले असते. ठरावीक अंतरावर ते पेरांशी आवळले जाते, त्यामुळे हाडांचे तुकडे एकमेकांना जोडल्यासारखे दिसते. पेरांपाशी पाने आणि ताणे फुटतात. पाने लहान, जाडसर आणि बहुधा हृदयाकृती किंवा तीन खंडांची असतात व जुन्या खोडावरून ती गळून पडतात. फुले बारीक असतात. फळ वाटाण्याएवढे असून पिकल्यावर लाल होते. नाशिक जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर लागवड होणारी द्राक्षवेल ही याच कुलातील आहे.

ही वनस्पती भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया आणि आफ्रिकेच्या काही भागांत आढळते. कोरड्या हवेत व मुरमाड जमिनीत ती तग धरते. खोडाचा पेरासह तुकडा मातीत लावला तरी नवी वेल फुटते, म्हणून महाराष्ट्रात ती कुंपणावर आणि परसबागेतही दिसते. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६७ मध्ये तिला आजचे शास्त्रीय नाव दिले.

खोडात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. त्यामुळे कच्चे खोड चावल्यास तोंड व घसा खाजतो. तमिळनाडूत कोवळ्या खोडाची चटणी करताना ते आधी तेलात परततात आणि त्यात चिंच घालतात.

हाड सांधण्याची नैसर्गिक क्रिया

त्वचेची जखम भरताना व्रण राहतो. हाडाचे तसे होत नाही. योग्य रीतीने सांधलेल्या ठिकाणी पुन्हा खरे हाडच तयार होते. ही क्रिया साधारणपणे चार टप्प्यांत होते.

पहिल्या टप्प्यात भंगाच्या जागी रक्त साकळून गाठ तयार होते आणि दाह सुरू होतो. या दाहातून बाहेर पडणारी रासायनिक द्रव्ये पुढील पेशींना त्या जागी बोलावतात, म्हणून सुरुवातीचा दाह हा दुरुस्तीचाच भाग असतो. दुसऱ्या टप्प्यात, पुढील दोन-तीन आठवड्यांत, दोन्ही टोकांमध्ये तंतुमय ऊती आणि कूर्चा यांचा मऊ पूल तयार होतो. त्याला मऊ कॅलस म्हणतात. तिसऱ्या टप्प्यात या कूर्चेची जागा हाड घेते व कठीण कॅलस बनतो. क्ष-किरण चित्रात भंगाभोवती दिसणारी पांढुरकी सूज म्हणजे हाच कॅलस होय. चौथ्या टप्प्यात अस्थिभक्षक पेशी अनावश्यक हाड काढून टाकतात, अस्थिजनक पेशी आवश्यक तेथे नवे हाड घालतात आणि हाडाला मूळचा आकार येत जातो. हा टप्पा अनेक महिने, काही वेळा वर्षांपर्यंत चालतो.

कोणत्या जागी कूर्चा तयार होईल आणि कोणत्या जागी हाड, हे तेथील हालचालीवरही अवलंबून असते. भंगाच्या टोकांची हालचाल फार होत असेल, तर नाजूक अस्थिऊती टिकत नाही व तेथे तंतुमय ऊतीच राहते. अशा वेळी हाड सांधत नाही आणि त्या जागी खोटा सांधा तयार होऊ शकतो. याउलट, अल्प प्रमाणातील नियंत्रित हालचाल कॅलस तयार होण्यास पोषक ठरते. स्थैर्याखेरीज रक्तपुरवठा, जंतुसंसर्गाचा अभाव, वय, आहार, मधुमेह आणि धूम्रपान यांचाही सांधण्याच्या गतीवर परिणाम होतो.

मूलपेशींचे कार्य

जी पेशी स्वतःसारख्या नव्या पेशी निर्माण करू शकते आणि विशिष्ट कार्य करणाऱ्या पेशींत रूपांतरितही होऊ शकते, तिला मूलपेशी म्हणतात. अस्थिमज्जेत दोन प्रकारच्या मूलपेशी प्रामुख्याने आढळतात. पहिल्या प्रकारच्या पेशींपासून रक्तपेशी तयार होतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशींपासून हाड, कूर्चा आणि मेद यांच्या पेशी तयार होऊ शकतात. या दुसऱ्या प्रकाराला मेसेन्कायमल मूलपेशी म्हणतात.

मज्जेतील काही पेशी काचेच्या तळाला चिकटून वाढतात आणि प्राण्याच्या शरीरात पुन्हा रोपण केल्यास हाड निर्माण करतात, हे सोव्हिएत शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्रिडेन्स्टाइन यांनी १९६०-७० च्या दशकांत दाखवून दिले. १९९१ मध्ये अमेरिकन जीवशास्त्रज्ञ आर्नल्ड कॅप्लन यांनी मेसेन्कायमल मूलपेशी ही संज्ञा रूढ केली. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय पेशी-उपचार संस्थेने या पेशी ओळखण्याचे किमान निकष ठरवले. अशा पेशी प्लॅस्टिकला चिकटून वाढल्या पाहिजेत, त्यांच्या पृष्ठभागावर सीडी-७३, सीडी-९० व सीडी-१०५ ही प्रथिने असली पाहिजेत आणि त्यांच्यापासून हाड, कूर्चा व मेद या तिन्ही प्रकारच्या पेशी तयार करता आल्या पाहिजेत, असे त्यांचे स्वरूप आहे.

या पेशी अत्यंत विरळ असतात. प्रौढ व्यक्तीच्या मज्जेतील एककेंद्रकी पेशींत त्यांचे प्रमाण सुमारे ०.००१ ते ०.०१ टक्के, म्हणजे दहा हजार ते एक लाख पेशींत एक, इतके असते. अस्थिभंग झाल्यावर मज्जेतील आणि विशेषतः हाडाच्या आवरणातील अशा पेशी भंगाच्या जागी वाढू लागतात. त्यांतील काही कूर्चापेशी बनतात, तर काही अस्थिजनक पेशी. अस्थिजनक पेशी बनण्यासाठी रन्एक्स-२ हे जनुक कार्यरत होणे आवश्यक असते. हे जनुक नसलेल्या उंदरांच्या सांगाड्यात हाड तयारच होत नाही, असे १९९७ मध्ये सिद्ध झाले. पेशी अस्थिजनक होऊ लागली की तिच्यात अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर वाढते आणि पुढे तिच्याभोवती कॅल्शियमचे क्षार साचतात. एखाद्या वनौषधीचा मूलपेशींवरील परिणाम तपासताना मुख्यतः पेशींची संख्या, या विकराचे प्रमाण आणि साचलेले कॅल्शियम यांचे मोजमाप केले जाते.

कांडवेलीत कॅल्शियम असते म्हणून तिच्यामुळे हाड सांधते, असे स्पष्टीकरण लोकांत प्रचलित आहे. हाडासाठी कॅल्शियम आवश्यक असले, तरी ते योग्य जागी साचवणाऱ्या अस्थिजनक पेशी पुरेशा संख्येने नसतील, तर केवळ कॅल्शियम मिळाल्याने भंग सांधत नाही. त्यामुळे आधुनिक संशोधनाचा भर वेलीतील कॅल्शियमपेक्षा तिच्या पेशींवरील परिणामावर राहिला आहे.

आयुर्वेदातील भग्नचिकित्सा

अस्थिभंगाचे सविस्तर विवेचन सुश्रुतसंहितेत आढळते. निदानस्थानातील पंधराव्या अध्यायात भग्नाचे संधिमुक्त आणि कांडभग्न असे दोन मुख्य प्रकार सांगितले आहेत. संधिमुक्त म्हणजे सांधा निखळणे. त्याचे ६ उपप्रकार आहेत. कांडभग्न म्हणजे हाड मोडणे. त्याचे १२ उपप्रकार आहेत. हाडाचा चुरा होणे, हाड वाकणे, तडकणे, मोडलेले टोक मज्जेत घुसणे अशा भेदांवर ही विभागणी आधारलेली आहे.

चिकित्सास्थानातील तिसऱ्या अध्यायात उपचार सांगितले आहेत. मोडलेला अवयव ताणणे, दाबून हाड जागेवर आणणे, टोके एकमेकांशी जुळवणे आणि मग बांधणे, असा त्यांचा क्रम आहे. आधारासाठी लावायच्या साली वा काठ्यांना कुश म्हणतात. त्यासाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड, बांबू इत्यादी वृक्षांचा उल्लेख आहे. बंध फार सैल ठेवल्यास हाड स्थिर राहत नाही आणि फार घट्ट बांधल्यास सूज, वेदना व पाक होतो, असा इशाराही तेथे दिला आहे. बंध थंडीत सात दिवसांनी, सौम्य ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बदलावा, असे सांगितले आहे. मांडी, पोटरी किंवा कंबरेच्या भंगात रुग्णाला फळीवर खुंट्यांच्या साहाय्याने स्थिर झोपवण्याची पद्धत कपाटशयन या नावाने वर्णिली आहे. हाड सांधण्याचा काळ लहान वयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उतारवयात तिप्पट असे सुश्रुतसंहिता सांगते. वयानुसार हाड सांधण्याची गती कमी होते, हे निरीक्षण आधुनिक वैद्यकाशी जुळते.

या उपचारक्रमात औषधांना आणि आहाराला स्थान आहे, परंतु ते हाड बसवणे आणि बांधणे यांना पूरक म्हणून. उत्तरकालीन ग्रंथांत पोटात घेण्याच्या औषधांचा विस्तार झाला. चक्रदत्तात वर्णिलेला लाक्षागुग्गुळ हा कल्प आजही आयुर्वेदीय औषधालयांत मिळतो. त्यात लाख, अस्थिसंहार म्हणजे कांडवेल, अर्जुन, अश्वगंधा, नागबला आणि गुग्गुळ ही द्रव्ये असतात. सोळाव्या शतकातील भावमिश्र यांच्या भावप्रकाश या ग्रंथातही कांडवेलीचे गुणवर्णन आहे.

महाराष्ट्रातील लोकपरंपरा

महाराष्ट्रात मोडलेले किंवा निखळलेले हाड बसवणाऱ्या पारंपरिक जाणकारास हाडवैद्य म्हणतात. हे ज्ञान अनेकदा घराण्यात पिढ्यानपिढ्या चालत येते. कुस्तीच्या तालमींतील वस्तादही मुरगळलेले व निखळलेले सांधे बसवत असत. ठेचलेल्या कांडवेलीचा लेप, बांबूच्या कामट्यांचा आधार, कापडाचा बंध आणि तेलाचे मर्दन हे हाडवैद्यांच्या उपचारांचे सर्वसाधारण स्वरूप होय.

या परंपरेचे बलस्थान म्हणजे उपचार गावातच आणि अल्प खर्चात मिळतो. तिची मुख्य अडचण निदानाची आहे. क्ष-किरण चित्राशिवाय भंगाची रेषा सांध्यापर्यंत गेली आहे का, हाडाची टोके नीट जुळली आहेत का, हे केवळ हाताने चाचपून निश्चित करता येत नाही. बंध फार घट्ट बसल्यास आतील दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. त्यातून हात किंवा बोटे कायमची आखडणे, तसेच अवयव सडून तो कापावा लागणे, असे गंभीर परिणाम वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेले आहेत. लहान मुलांच्या कोपराजवळील भंगात हा धोका विशेष असतो. बांधलेल्या हातापायाची बोटे बधिर, थंड किंवा निळसर होणे आणि बोटे हलवल्यावर असह्य वेदना होणे ही तातडीने बंध सोडून रुग्णालयात जाण्याची लक्षणे आहेत.

आधुनिक संशोधन

प्राण्यांवरील प्रयोग

कांडवेलीवरील आधुनिक संशोधनाचा आरंभ प्रामुख्याने बनारस हिंदू विद्यापीठात झाला. तेथील शल्यचिकित्सक डॉ. के. एन. उडुपा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात प्राण्यांच्या अस्थिभंगावर प्रयोग केले. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी सांधलेल्या हाडाची यांत्रिक ताकद मोजली आणि कॅल्शियम-४५ या किरणोत्सारी समस्थानिकाच्या साहाय्याने भंगाच्या जागी साचणाऱ्या कॅल्शियमचा माग घेतला. कांडवेल दिलेल्या प्राण्यांत भंग लवकर सांधल्याचे त्यांनी नोंदवले. १९९४ मध्ये आसाममधील पशुवैद्यकीय संशोधकांनी कुत्र्यांच्या पुढील पायाच्या हाडांवर प्रयोग करून याच दिशेचे निष्कर्ष मांडले. पुढे कर्नाटकातील मणिपाल येथे अंडाशय काढलेल्या उंदरांवर अभ्यास झाले. अशा प्राण्यांत रजोनिवृत्तीनंतरच्या अस्थिसुषिरतेसारखी स्थिती निर्माण होते. कांडवेलीच्या अर्कामुळे त्यांच्यातील हाडांची झीज कमी झाल्याचे आढळले.

मूलपेशींवरील प्रयोग

मणिपाल येथील संशोधकांनी २००९ मध्ये उंदराच्या अस्थिमज्जेतून मेसेन्कायमल मूलपेशी वेगळ्या करून त्यांच्यावर कांडवेलीचा पेट्रोलियम ईथरमधील अर्क वापरला. प्रति मिलिलिटर ३०० मायक्रोग्रॅम या मात्रेत पेशींची वाढ अधिक वेगाने झाली. अल्कलाइन फॉस्फेटेज असलेल्या अस्थिजनक पेशींचे प्रमाण वाढले आणि पेशींभोवती कॅल्शियमही अधिक साचले. त्याच वर्षी थायलंडमधील एका गटाने उंदराच्या अस्थिजनक पेशींवर कांडवेलीच्या अर्काचा प्रयोग केला व त्यातही या विकराची क्रियाशीलता आणि क्षारसंचय वाढल्याचे नोंदवले.

कांडवेलीत क जीवनसत्त्व, कॅरोटिन, फ्लॅव्होनॉइड, ट्रायटर्पिन, स्टेरॉल वर्गातील संयुगे तसेच रेझव्हेरॅट्रॉल आणि क्वाड्रँग्युलॅरिन ही द्रव्ये आढळतात. रेझव्हेरॅट्रॉल द्राक्षांच्या सालीतही असते. या अनेक द्रव्यांपैकी नेमका परिणाम कोणाचा, किंवा तो त्यांच्या एकत्रित क्रियेचा आहे काय, हा संशोधनाचा विषय आहे.

माणसांवरील अभ्यास

माणसांवरील प्रसिद्ध अभ्यास संख्येने थोडे आणि आकाराने लहान आहेत. लखनौ येथील एका गटाने २०१३ मध्ये, तर गुजरातमधील एका गटाने २०१५ मध्ये जबड्याच्या व चेहऱ्याच्या हाडांच्या भंगात कांडवेल देऊन अभ्यास प्रसिद्ध केले. सूज व वेदना लवकर कमी होणे आणि हाड सांधण्याची क्रिया जलद होणे असे अनुकूल निष्कर्ष त्यांत मांडले आहेत. मात्र मांडी किंवा पोटरीच्या हाडांसारख्या भार पेलणाऱ्या हाडांना हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

चिनी पारंपरिक वैद्यकातील समांतर संशोधन

चीनमध्ये अस्थिभंगाच्या उपचारांची स्वतंत्र आणि प्राचीन परंपरा आहे. नवव्या शतकात, थांग राजवटीच्या काळात, लिन ताओरेन यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रंथात हाड ताणून बसवणे, सालींच्या पट्ट्यांनी बांधणे आणि नंतर सांध्यांची हालचाल करणे यांचे वर्णन आहे. सुश्रुतसंहितेप्रमाणेच येथेही वनौषधींचा वापर हाड बसवण्याच्या जोडीने सांगितला आहे.

हाडांसाठीची सर्वांत प्रसिद्ध चिनी वनौषधी म्हणजे गूस्वेबू. या नावाचा अर्थ ‘मोडलेले हाड दुरुस्त करणारे’ असा सांगितला जातो. ड्रायनेरिया या नेच्याच्या प्रजातीचा तो जमिनीसरपट वाढणारा जाड कंद आहे. त्यातील नारिंजिन या फ्लॅव्होनॉइडमुळे मज्जेतील मूलपेशी अस्थिजनक पेशींत रूपांतरित होण्यास चालना मिळते, असे प्रयोगशाळेतील अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. पपनसासारख्या लिंबूवर्गीय फळांना कडवटपणा देणारे द्रव्यही नारिंजिनच आहे. एपिमेडियम या वनस्पतीतील इकारिन या द्रव्यावरही चीनमध्ये असेच विस्तृत संशोधन झाले आहे.

ड्रायनेरिया वंशातील एक नेचा सह्याद्रीत झाडांच्या खोडांवर आणि खडकांवर वाढतो. मराठीत त्याला बाशिंग म्हणतात. वंश एक असला तरी प्रजाती भिन्न असल्याने चिनी वनस्पतीवरील निष्कर्ष बाशिंगाला आपोआप लागू होत नाहीत. प्रत्येक वनस्पतीचे घटक आणि परिणाम स्वतंत्रपणे तपासावे लागतात.

मूलपेशींचे प्रत्यक्ष उपचार

वनौषधीने शरीरातील मूलपेशींना चालना देण्यापेक्षा वेगळा मार्ग म्हणजे या पेशीच भंगाच्या जागी सोडणे. न सांधलेल्या हाडात रुग्णाच्या कमरेच्या हाडातील मज्जा काढून सुईने सोडण्याची पद्धत अस्थिशल्यचिकित्सेत वापरली जाते. फ्रान्समधील फिलिप एर्निगू आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये पोटरीचे हाड न सांधलेल्या ६० रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना संहत केलेली मज्जा देण्यात आली आणि ५३ जणांचे हाड सांधले. ज्या ७ जणांचे हाड सांधले नाही, त्यांना मिळालेल्या मज्जेत मूळ पेशींची संख्या कमी होती. उपचाराचे यश पेशींच्या संख्येशी निगडित असल्याचे या अभ्यासातून पुढे आले.

रोपण केलेल्या पेशी स्वतः हाड बनतात की आपल्या स्रावांनी आसपासच्या पेशींना चालना देतात, याविषयी मतभेद आहेत. या पेशींचे मुख्य कार्य संदेश देण्याचे असल्याने त्यांचे नाव बदलावे, असे खुद्द कॅप्लन यांनी २०१७ मध्ये सुचवले. हाडाच्या दुरुस्तीसाठी पेशी, त्यांना आधार देणारा साचा, वाढ घडवणारी द्रव्ये आणि यांत्रिक स्थैर्य या चारही गोष्टी एकत्र लागतात, ही मांडणी २००७ पासून ‘डायमंड संकल्पना’ या नावाने ओळखली जाते. कांडवेलीसारख्या वनौषधीचा संभाव्य परिणाम यांपैकी पेशी आणि वाढद्रव्ये या दोन घटकांपुरता आहे. स्थैर्य बाहेरूनच द्यावे लागते.

भारतात मूलपेशींच्या संशोधनासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ मध्ये राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार रक्तविकारांसाठीचे मज्जारोपण वगळता मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चिकित्सालयीन चाचणीतच करता येतो आणि अशा चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. एखादे उत्पादन बाजारात आणण्यासाठी केंद्रीय औषध नियंत्रकाची स्वतंत्र मान्यता आवश्यक असते.

महाराष्ट्रातील संस्था

नाशिक येथे १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ राज्यातील आधुनिक वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी आणि होमिओपॅथी या शाखांच्या महाविद्यालयांना संलग्नता देते. त्यामुळे अस्थिशल्यचिकित्सा आणि आयुर्वेदातील शल्यतंत्र या दोन्ही विषयांचे पदव्युत्तर शिक्षण एकाच विद्यापीठाच्या कक्षेत येते. नाशिकच्या पंचवटीतील गणेशवाडी येथे आयुर्वेद सेवा संघाचे आयुर्वेद महाविद्यालय आहे. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात मूलपेशींवर मूलभूत संशोधन चालते.

पारंपरिक औषधांच्या अभ्यासासाठी ‘रिव्हर्स फार्माकॉलॉजी’ ही पद्धत मांडण्यात मुंबईचे डॉ. अशोक वैद्य आणि पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन यांचा मोठा वाटा आहे. नेहमीच्या पद्धतीत नवे औषध प्रयोगशाळेतून प्राण्यांकडे आणि मग माणसांकडे जाते. या पद्धतीत प्रवास उलट दिशेने होतो. परंपरेने वापरात असलेल्या औषधाचा रुग्णांवरील परिणाम आधी काटेकोरपणे नोंदला जातो आणि मग त्यामागील कारण प्रयोगशाळेत शोधले जाते. कांडवेलीसारख्या दीर्घकाळ वापरातील वनौषधीसाठी ही पद्धत उपयुक्त मानली जाते.

पुराव्याच्या मर्यादा

कांडवेलीवरील उपलब्ध संशोधनाचा अर्थ लावताना पुढील बाबी लक्षात घ्याव्या लागतात.

प्रयोगशाळेतील पात्रात अर्क थेट पेशींवर पडतो. पोटात घेतलेले औषध मात्र पचन, आतड्यातून शोषण आणि यकृतातील बदल या टप्प्यांतून जाते. त्यामुळे पात्रात परिणामकारक ठरलेली मात्रा भंगाच्या जागी पोहोचेलच असे नाही.

पेट्रोलियम ईथरमधील अर्कात मेदात विरघळणारी द्रव्ये उतरतात. घरगुती काढा किंवा रस पाण्याच्या आधारे होतो, म्हणून त्याचे घटक वेगळे असतात. एका अर्कावरील निष्कर्ष दुसऱ्या कल्पाला लागू होत नाहीत.

बहुतेक भंग योग्य स्थैर्य मिळाल्यास औषधाशिवायही सांधतात. म्हणून औषध घेतल्यावर हाड सांधले, एवढ्यावरून ते औषधामुळे सांधले असे म्हणता येत नाही. त्यासाठी औषध घेणारे आणि न घेणारे असे रुग्णांचे दोन तुल्य गट करून, क्ष-किरण चित्रांचे परीक्षण कोणाला औषध दिले हे माहीत नसलेल्या तज्ज्ञाकडून करून घ्यावे लागते.

लाक्षागुग्गुळासारख्या कल्पात अनेक द्रव्ये एकत्र असतात. अशा कल्पाचा परिणाम एकट्या कांडवेलीचा म्हणून गणता येत नाही.

या कारणांमुळे ‘मूलपेशी वाढवून हाड जोडणारे’ अशा शब्दांत केल्या जाणाऱ्या जाहिराती पुराव्याच्या पुढे जातात. पेशींवरील प्रयोग औषध कसे कार्य करत असावे याची दिशा दाखवतात. ते रुग्णाला उपयोगी पडते की नाही, हे माणसांवरील नियंत्रित चाचण्यांतूनच ठरते.

सुरक्षितता

कच्च्या कांडवेलीमुळे तोंड, घसा आणि त्वचा यांना खाज व दाह होऊ शकतो. पोटात घेतल्यास काहींना पोटात वायू धरणे, जुलाब किंवा डोकेदुखी असा त्रास होतो. रक्तातील साखरेवर तिचा परिणाम होत असल्याचे काही अभ्यासांत नोंदलेले असल्याने मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच तिचा वापर करावा, असे सांगितले जाते. गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळात ती सुरक्षित असल्याचे सिद्ध झालेले नाही. उघड्या जखमेसह झालेल्या भंगावर ठेचलेल्या वनस्पतीचा लेप लावल्यास जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोहोचण्याचा धोका असतो. शस्त्रक्रिया ठरलेली असल्यास कांडवेल किंवा अन्य कोणतीही वनौषधी घेत असल्याची माहिती शल्यचिकित्सकाला आणि भूलतज्ज्ञाला देणे आवश्यक असते.

अस्थिभंगाचा संशय असल्यास प्रथम क्ष-किरण तपासणी, त्यानंतर हाड जागेवर आणणे आणि प्लास्टर, पट्टी किंवा सळीने ते स्थिर करणे हा मान्य उपचारक्रम आहे. वनौषधींचा विचार त्यानंतरचा पूरक उपचार म्हणून, दोन्ही शास्त्रांच्या चिकित्सकांना माहिती देऊन केला जातो.